मुसारेमू : तोफेचा साचा आणि दारूचे माप

बेगम बाजारातून निघून उस्मानगंज, मोअज्जम जाही मार्केट आणि आबिड्स ही वर्दळ मागे टाकीत फत्तेमैदानाच्या दिशेने जाणाऱ्या माणसाला गनफाउंड्री नावाची वस्ती लागते. या इंग्रजी नावाच्या आधीचे नाव तोप का साँचा असे आहे. वस्तीच्या नावात राहून गेलेला हा साचा १७८६ साली उभारलेल्या तोफांच्या ओतशाळेचा. ती उभारणारा फ्रेंच सेनानी हैदराबादेत मुसारेमू या नावाने ओळखला गेला. बेगम बाजार आणि ही ओतशाळा, दोन्ही एकाच कारकिर्दीतली अपत्ये होत. निजाम अली खान याची बेगम हुमदा बेगम हिने शहरातील व्यापाऱ्यांना जी जागा दिली तिच्यावर बेगम बाजार वसला, आणि त्याच निजामाच्या आश्रयाने मुसारेमूच्या भट्ट्या पेटल्या. बाजार वाढला, भरभराटीला आला, आजही तो गजबजलेला आहे. ओतशाळेच्या नशिबी मात्र पुरते एक तपच आले.

मुसा हा शब्द फ्रेंच मॉंस्यू या संबोधनाचा देशी अवतार. मराठी कागदपत्रांत बुसीला मुसा बुसी म्हटले जाई, त्याच चालीवर रेमंडचा मुसारेमू झाला. त्याचे पूर्ण नाव मिशेल जोआकिम मारी रेमंड. दक्षिण फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात, सेरिन्याक या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी १७५५ साली त्याचा जन्म झाला. १७७५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो भावासह पुदुच्चेरीला आला तोही व्यापारासाठीच. माल विकावा, चार पैसे गाठीला बांधावेत आणि मायदेशी परतावे, एवढीच या तरुणाची आकांक्षा असावी. परंतु तो काळ तराजूपेक्षा तलवारीला अधिक मोल देणारा होता. लवकरच शेव्हालिए द लासे याच्या पथकात तो दाखल झाला. हे पथक म्हैसूरच्या हैदरअलीच्या चाकरीत होते. १७८३ मध्ये वृद्ध बुसी पुन्हा हिंदुस्थानात आला तेव्हा रेमंड त्याचा अंगरक्षक अधिकारी झाला आणि कडलूरच्या संग्रामात त्याच्या बरोबर राहिला. बुसीने तीस वर्षांपूर्वी निजामाच्या दरबारात फ्रेंचांचा दरारा बसवला होता. त्याच्या सहवासात रेमंडने हैदराबादच्या राजकारणाचे पहिले धडे घेतले असतील, असे मानावयास हरकत नाही. जानेवारी १७८५ मध्ये बुसी पुदुच्चेरीत वारला. रेमंडने हैदराबादची वाट धरली.

निजामाने त्याला चाकरीत घेतले ते अवघ्या तीनशे शिपायांनिशी. या शिपायांच्या हातातील बंदुकासुद्धा त्याच्या मालकीच्या नव्हत्या. एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून त्या नगास दरमहा आठ आणे भाड्याने घेतलेल्या होत्या. पुढे ज्याच्या फौजेच्या भीतीने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलाची झोप उडाली, त्याचा संसार असा भाड्याच्या भांड्यांवर सुरू झाला. रेमंडच्या चरित्रातील ही बाब सहसा गमतीने सांगितली जाते. तिच्यात गमतीपेक्षा अडचण अधिक होती, आणि ती ध्यानात घेतल्याखेरीज पुढची ओतशाळा का उभी राहिली याचा उलगडा होत नाही.

त्या काळची बंदूक ठासणीची. शिपायाजवळ कागदाची काडतुसे असत. एका काडतुसात एका बाराची दारू आणि एक शिशाची गोळी. शिपायाने कागद दातांनी फाडावा, चिमूटभर दारू रंजकदानीत टाकून झाकण मिटावे, उरलेली नळीत ओतावी, मागून गोळी व कागद घालून गजाने ठासावे, मग चाप ओढावा. गारगोटीची ठिणगी रंजकावर पडे, तिथली आग कानातून नळीत शिरे आणि बार होई. फ्रेंच सैन्याच्या १७७७च्या नमुन्याच्या बंदुकीत एका बाराला सुमारे बारा ग्रॅम दारू लागे. ही बारा ग्रॅम दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा आणि उरलेल्यात गंधक व कोळसा. बेगम बाजारात दिवाळीच्या सुमारास घाऊक विकल्या जाणाऱ्या भुईनळ्यांच्या पोटात आजही याच त्रयीचा संसार असतो.

घटक तेच, पण प्रत्येक दारू एकसारखी पेटत नाही. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर तो हवेतील ओल ओढतो. कोळसा कोणत्या लाकडाचा, भुकटी किती वेळ कुटली, तिचे दाणे बारीक पाडले की जाड, या साऱ्यांवर तिचा जोर ठरतो. जोर अधिक झाला तर बंदूक खांद्याला धक्का देते आणि गोळी वर जाते. तो कमी पडला तर गोळी पल्ल्याअगोदरच माती चाटते. शिवाय या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून वायू होत नाही, त्यातील काही काळ्या किटाच्या रूपाने नळीतच चिकटून राहतो. दहा-पंधरा बार झाले की तीच गोळी त्याच नळीत उतरवताना गज दोन्ही हातांनी रेटावा लागतो. म्हणून गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवीत आणि ही मोकळीक नेमबाजीच्या मुळावर येई. मोकळ्या फटीतून वायू निसटतो, गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्या बाजूला वळते. शंभर पावलांपलीकडे एखाद्या माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. म्हणूनच कवायती पलटणीचा सारा भर एका शिपायाच्या नेमावर नसून शेकडो शिपायांच्या एकदम झडणाऱ्या बारावर असे. तो बार एकसारखा हवा तर दारू एका कसाची, काडतूस एका मापाचे आणि नळ्या एका व्यासाच्या हव्यात.

युरोपात या मापाचा शोध शतकभर चालला होता. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कोठारात येणाऱ्या दारूची कसोटी ठरवण्यात आली होती. लहानशा उखळी तोफेत तीन औंस दारू भरून तिने साठ पौंडी गोळा नेमून दिलेल्या अंतरापलीकडे फेकला तर ती दारू स्वीकारायची, नाही तर परत पाठवायची. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये त्याहून सूक्ष्म युक्ती प्रसिद्ध केली. टांगलेल्या जड लाकडी लंबकावर गोळी झाडावी, लंबक किती मागे झुलला ते मोजावे आणि त्यावरून गोळीचा वेग काढावा. किती दारूला किती वेग, हे आकड्यांत सांगणे यामुळे प्रथम शक्य झाले. योगायोग असा की हा रॉबिन्स पुढे कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. त्याच कडलूरच्या परिसरात बत्तीस वर्षांनी रेमंड इंग्रजांशी लढला.

हा सारा खटाटोप जुन्या जमान्याबरोबर संपला असे मात्र नाही. रेमंडनंतर पाऊणशे वर्षांनी अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने खालचा दांडा ओढताच नवे काडतूस नळीत सरकवणारी बंदूक लोकप्रिय केली. तिच्या १८७३च्या नमुन्याच्या काडतुसाला चव्वेचाळीस-चाळीस म्हणत. त्यातील पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, इंचाच्या शतांशांत, आणि दुसरा दारूच्या वजनाचा, म्हणजे चाळीस ग्रेन, सुमारे अडीच ग्रॅम. काडतुसाच्या नावातच बाराचे माप गोवलेले होते. आज या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती इटलीत तयार होतात, आणि हौशी नेमबाज त्यांत पुन्हा तीच काळी दारू भरून आपल्या बंदुकीला मानवणारे माप हुडकीत बसतात. ग्रेन-दोन ग्रेन दारू कमी-अधिक करायची, दाणा बदलून पाहायचा, काडतुसात दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहू द्यायची नाही, किट मऊ राहावे म्हणून गोळीला मेण-चरबीचा लेप द्यायचा आणि प्रत्येक मापाच्या पाच-पाच गोळ्या कागदावर झाडून त्या किती जवळ पडल्या ते पाहायचे. एकाच कारखान्यातील दोन जुळ्या बंदुकांनाही एकच माप मानवेल याची खात्री नसते. निवांत वेळ असलेल्या हौशी माणसाला हा विरंगुळा आहे. ज्याच्या पदरी भाड्याने आणलेल्या तीनशे बंदुका होत्या, त्याच्यापुढे तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

तोप का साँचा उभा राहिला तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. तेथे युरोपीय कारागिरांच्या देखरेखीखाली पंचरसी तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही घडवल्या जात. तोफेच्या बाबतीत मापाचे महत्त्व दुप्पट. मैदानी तोफेला साधारणपणे गोळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांश दारू लागे. सहा पौंडी गोळ्याला दोन पौंड, असा ढोबळ हिशेब. तोंडाचा व्यास आणि गोळ्याचा व्यास जुळला नाही तर हा हिशेब फुकट. दख्खनेत तोफा पूर्वीही उत्तम ओतल्या जात. परांड्याच्या नि औसाच्या किल्ल्यांवरील तोफा पाहिलेल्यास ते सांगावयास नको. परंतु त्या एकेकट्या, स्वतंत्र नावाच्या, स्वतंत्र तोंडाच्या, आणि प्रत्येकीचा गोळा निराळा. रेमंडला हव्या होत्या त्या बिननावाच्या, एका तोंडाच्या तोफा. हैदराबादच्या लष्करी इतिहासात त्याने घातलेली खरी भर हीच. ओतशाळेने भाड्याच्या बंदुकांची गरज संपवली आणि तीनशेची पलटण पाहता पाहता हजारांच्या घरात गेली. १७९५च्या सुमारास त्याच्या हाताखाली अकरा हजारांवर कवायती पायदळ होते. त्यांच्या खर्चासाठी निजामाने जहागिरी लावून दिल्या होत्या. पलटणींवर क्रांतीनंतरच्या फ्रान्सचे तिरंगी निशाण फडकत असे.

या फौजेची कसोटी लागली ती मराठ्यांशी. चौथाईची थकबाकी आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क याची उर्मट भाषा यांतून युद्ध पेटले आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ दोन्ही सैन्ये भिडली. खर्डे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. सवाई माधवरावाच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एकत्र आलेले. सरसेनापतीपद परशुरामभाऊंकडे. मराठी वाचकाला हे युद्ध पेशवाईच्या अखेरच्या विजयाच्या रूपात परिचित आहे. शत्रूच्या बाजूने ते कसे दिसले हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होत्या, म्हणजे दोन्हीकडे फ्रेंच शिस्तीचेच पायदळ होते. पेराँच्या तोफा आणि नागपूरकरांच्या बाणांचा वर्षाव यांपुढे निजामाच्या घोडदळाने पाठ फिरवली. रेमंडचे पायदळ मात्र हलले नाही. पेराँच्या पलटणींसमोर ते पाय रोवून उभे राहिले, इतकेच नव्हे तर त्यांनी थोडी सरशीही मिळवली. घोडदळाची साथ असती तर त्या दिवसाचा निकाल कसा लागला असता हे सांगणे कठीण. पण निजाम खर्ड्याकडे मागे फिरला होता आणि त्याचे निरोपावर निरोप येऊ लागले, तेव्हा रेमंडलाही माघार घ्यावी लागली. रात्र पडली. त्याचे शिपाई भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन रांगेतच आडवे झाले.

त्या रात्री जे घडले त्याला लढाई म्हणता येणार नाही. घोड्यांना पाणी शोधीत फिरणारी मराठ्यांची एक लहानशी टोळी चुकून ओढ्याकाठी आली. तेथे निजामाचे काही लोक होते. त्यांनी गोळ्या झाडल्या. जवळच्या रेमंडच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या. आवाजासरशी झोपलेली सारी रांग दचकून उठली आणि कोणी हुकूम न देता, समोर कोण आहे हे न पाहता, अंधारात वेडावाकडा बार झडून गेला. मोजून बांधलेली काडतुसे, एका साच्यातील नळ्या, वर्षानुवर्षांची कवायत, सारे त्या एका दचक्यात हवेत गेले. त्या आवाजाने निजामाची छावणी गांगरली. मराठे चाल करून आले अशी त्याची समजूत झाली आणि जनान्यासह तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. पहाटे अंधार निवळला तेव्हा त्याचे बहुतेक सैन्य पांगले होते, तोफा आणि सामानसुमान रस्त्यावर पडले होते, आणि मराठ्यांना किल्ल्याभोवती फास आवळण्यापलीकडे काही करावयाचे उरले नव्हते. तीन कोटी रुपये, दौलताबादेसह मोठा मुलूख आणि दिवाणाला पुण्याच्या स्वाधीन करणे या अटी निजामाने मान्य केल्या.

रणात झालेल्या हानीच्या मानाने हा पराभव फार मोठा होता. रेमंडला त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. दिवसा त्याच्या माणसांनी जे केले ते निजामाच्या अन्य कोणी केले नाही. मात्र शिपायाच्या हाती भरलेली बंदूक देऊन त्याला झोपू दिले, ही चूक त्याच्याच पलटणीची.

निजामाने तरी त्याला दोष दिला नाही. त्याचा राग होता तो इंग्रजांवर. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थता पुकारल्यामुळे निजामाच्या पदरी असलेल्या कंपनीच्या दोन पलटणी मराठ्यांविरुद्ध बाहेरच पडल्या नव्हत्या. निजामाने त्या परत पाठवल्या आणि रेमंडला आणखी माणसे भरती करू दिली. त्याच वर्षी जूनमध्ये निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून बीदरकडे पळाला. रेमंडने त्याचा पाठलाग करून औरंगाबादेकडे त्याला पकडले. राजधानीला आणीत असताना अलीजाहने वाटेतच प्राण दिला. रेमंडला अजदर जंग, म्हणजे युद्धातील अजगर, मुतहव्वर-उल-मुल्क यांसारखे किताब मिळाले. पण निजामपुत्राला धरून आणणारा हा परका सेनानी दरबारातील कित्येकांच्या डोळ्यांत सलू लागला असल्यास नवल नाही. तिकडे युरोपात फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपलेले. दख्खनेच्या मध्यावर तिरंगी निशाणाखाली हजारो बंदुका, शेजारी श्रीरंगपट्टणला फ्रेंचांचा मित्र टिपू. कंपनीच्या लोकांना यापेक्षा वाईट स्वप्न पडणे शक्य नव्हते.

२५ मार्च १७९८ रोजी रेमंड वारला. वय जेमतेम बेचाळीस. विषप्रयोगाची कुजबूज त्या वेळी झाली आणि ती अद्याप पुरती विरलेली नाही. तिला पुरावा कधीच मिळाला नाही. त्याच्या जागी पिराँ नावाचा अधिकारी आला. खर्ड्याला समोर उभ्या ठाकलेल्या पेराँशी त्याची गल्लत करू नये. त्याच्यात रेमंडचा वकूब नव्हता. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने वेलस्लीशी तैनाती फौजेचा करार केला. त्या कराराने फ्रेंच पलटणी मोडण्याचे बंधन त्याच्यावर आले.

शेवट रेमंडने कधी कल्पिला नसता असा झाला. शिपायांचा पगार थकलेला होता. ऑक्टोबरात छावणीत गडबड उडाली आणि शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून घातले. २२ ऑक्टोबर १७९८ रोजी कंपनीच्या फौजेने छावणीला वेढा घातला. रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि त्याचा तरुण साहाय्यक जॉन मालकम यांनी थकलेल्या पगाराचे आश्वासन दिले आणि अकरा हजारांवर माणसांनी एकही बार न काढता शस्त्रे खाली ठेवली. महाबळेश्वरच्या बाजाराला मालकम पेठ हे नाव ज्याच्यामुळे पडले तोच हा मालकम. रेमंडच्या कोठारांची नि ओतशाळेची पाहणी झाली तेव्हा तेथे ओतलेल्या तोफा आणि घडवलेल्या बंदुका उत्तम असल्याची ग्वाही खुद्द इंग्रजांनीच दिली. दारूच्या मापात कसूर नव्हती. कमी पडले ते रोख चांदीचे माप. फौजेच्या पगाराला लागणारी रक्कम जहागिरींतून उगवे, तीही वसूल होईल तेव्हा. हैदराबादच्या लष्कराची नाडी अखेर सावकारांच्या हाती होती आणि पुढील शतकात गोसावी व मारवाडी सावकारांच्या पेढ्या बेगम बाजारात नांदल्या तेव्हाही ती तशीच राहिली.

मलकपेठेपलीकडे, आसमानगढच्या टेकडीवर, रेमंडची समाधी आहे. काळ्या दगडाचा उंच निमुळता स्तंभ, त्यावर जे आणि आर ही दोन अक्षरे, शेजारी ग्रीक धाटणीचा खांबांचा मंडप. स्मशानापेक्षा पहारा देण्याला ती जागा अधिक शोभते. गावकऱ्यांनी त्याचे नाव आपापल्या परीने लावले. हिंदूंनी त्याला मुसाराम केले, मुसलमानांनी मुसा रहीम केले, आणि पायथ्याच्या वस्तीला मुसारामबाग हे नाव पडले. पगारासाठी लढणारा एक परधर्मी शिपाईगडी दोन्ही समाजांचा पीर होऊन बसला, ही हैदराबादचीच करणी म्हणायची. पुण्यतिथीला तेथे उरूस भरे, धूप जळे, दिवे लागत. सहावे निजाम महबूब अली खान दरवर्षी त्या दिवशी समाधीवर चिरूट आणि बिअरची बाटली पाठवीत, असे सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उरूस चालू होता. नंतर तो थांबला. शेजारचा मंडप २००१ मध्ये पावसात ढासळला आणि पुढे पुन्हा उभारण्यात आला. स्तंभ मात्र तेव्हाही जागचा हलला नाही. आबिड्सपलीकडे तोफेच्या साच्याच्या जाड भिंती अजून थोड्या शिल्लक आहेत. त्यांच्याभोवती दुकाने आणि कचेऱ्यांची दाटी झाली आहे, आणि रिक्षावाल्याला गनफाउंड्री म्हटले की तो पुढे काही न विचारता निघतो.